वजीफा आणि औषधपाणी

निवृत्तिवेतन हें सरलेल्या श्रमांचें मोल होय. आजारपण मात्र पुढें यावयाचें असतें. नोकरी संपते त्या दिवशीं वेतनाबरोबर पुष्कळदां औषधपाण्याचा आधारही संपतो, आणि तोही नेमका त्याची गरज वाढूं लागते त्या वयांत. ही उणीव भरून काढण्यास राज्यकर्त्यांना फार विलंब लागला. नांदेड जिल्ह्यांतील नायगांवसारख्या गांवावरून पाहिलें, म्हणजे त्या विलंबाची कथा अधिक स्पष्ट दिसते.

निजामी अमदानींत मराठवाड्याच्या दफ्तराची भाषा उर्दू होती आणि निवृत्तिवेतनाला ‘वजीफा’ म्हणत. वजीफा मिळविणारा कारकून अन्नवस्त्राच्या चिंतेंतून सुटे. परंतु कठीण दुखणें आलें, तर मोठें रुग्णालय हैदराबादेस, मुसी नदीच्या कांठीं होतें. त्या उस्मानिया रुग्णालयाची इमारत १९२५ सालीं पुरी झाली. दुखणाईताला नायगांवाहून तेथवर नेण्याआणण्याचा खर्च घरानेंच सोसावयाचा असे.

१९४८ हें वर्ष अनेक अर्थांनीं महत्त्वाचें ठरलें. एप्रिलमध्यें भारतांत कामगार राज्य विमा कायदा झाला. त्याचा पाया प्राध्यापक आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालानें घातला होता. जुलैंत ब्रिटनमध्यें सर्व नागरिकांसाठीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. सप्टेंबरच्या १७ तारखेला हैदराबाद संस्थान मुक्त झालें. पण आपला विमा कायदा कारखान्यांतील मजुरांसाठीं होता. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या ठिकाणचा कामगार त्याच्या डोळ्यांपुढें होता. नायगांवचा शेतकरी, दुकानदार किंवा शिक्षक नव्हता. निवृत्त कामगाराची सोय तर पुढें दुरुस्तीनें आली. निवृत्तीपूर्वीं किमान पांच वर्षें विमेदार असलेल्याला वर्षाकांठीं १२० रुपये भरून स्वतःसाठीं व जोडीदारासाठीं उपचार मिळूं लागले.

केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ सालीं दिल्लींत आणि १९६३ सालीं मुंबईंत सुरू झाली. ती शहराशहरांतून वाढली; खेड्यापाड्यांत राहणाऱ्या निवृत्तांना तिचा लाभ दुर्लभ होता. अशांसाठीं १९९७ सालीं दरमहा १०० रुपयांचा वैद्यकीय भत्ता ठरला. २०१७ सालीं तो १००० रुपये झाला. महाराष्ट्र राज्याचे १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम प्रामुख्यानें सेवेंत असलेल्यांसाठीं होते. २०१४ पासून राज्यानें निवृत्तांकरितां ‘विमाछत्र’ नांवाची गटविमा योजना आणली. तिचा हप्ता निवृत्तानेंच भरावयाचा होता.

ह्याच्या उलट अमेरिकेंत ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर सही केली. तिचा आधार पासष्ट वर्षांचें वय हा होता. तेथेंही वृद्धांना हप्ते व खर्चाचा कांहीं वांटा सुटलेला नाहीं. तथापि धनी सुटला म्हणून छत्र सुटत नाहीं, हें तत्त्व तेथें मान्य झालें.

दरम्यान मराठवाड्यांत रुग्णालयें जवळ आलीं. अंबाजोगाईस १९७४ सालीं आणि नांदेडला १९८८ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खर्चाची सोय त्यामागून आली. २ जुलै २०१२ रोजीं राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कुटुंबाला मिळत. परंतु शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असावी लागे. पांढरी शिधापत्रिका बाळगणारा निवृत्त शिक्षक धनिकांत मोजला गेला, आणि एका शस्त्रक्रियेनें त्याची आयुष्याची शिल्लक संपूं शकत होती. पुढें महात्मा फुले यांचें नांव मिळालेल्या ह्या योजनेचें दार १ जुलै २०२४ पासून सर्व कुटुंबांना उघडलें आणि मर्यादा पांच लाख झाली. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला केंद्रानें सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहतां, पांच लाखांचें संरक्षण दिलें. वय हाच अधिकार, हें तत्त्व आपल्याकडे एवढ्या उशिरां आलें.

तरीही हिशेब पुरा झालेला नाहीं. ह्या योजना नेमलेल्या रुग्णालयांतील, मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरावीक उपचारांचा भार उचलतात. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, चष्मा, दांत हीं सारीं बहुधा निवृत्तिवेतनावरच पडतात. नोकरीबरोबर मिळणारा गटविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. १९८६ पासून सरकारी विमा कंपन्यांनीं ‘मेडिक्लेम’ विकावयास घेतला. पण आधीपासून असलेल्या रोगांना संरक्षण मिळण्यासाठीं त्यांत कांहीं वर्षें थांबावें लागे. २०२४ च्या नियमांनीं ही मुदत अधिकांत अधिक तीन वर्षांवर आणली, आणि विमा घेण्याची वयोमर्यादाही काढली. म्हणून पंचावन्नाव्या वर्षीं घेतलेला विमा साठाव्या वर्षीं उपयोगीं पडतो. साठाव्या वर्षीं घेतलेल्याला मात्र वाट पाहावी लागूं शकते.

मोठ्या दुखण्याचा भार उचलावयास राज्य आतां पुढें आलें आहे. लहान दुखण्यांची तरतूद मात्र गृहस्थानें निवृत्तीच्या आधींच करून ठेवावयास हवी.