रुग्णसेवेतील रुग्ण व कुटुंबीयांचा सहभाग : पुणे शहर

रुग्णसेवेची पद्धती ठरविणे, तिची गुणवत्ता तपासणे आणि तीत सुधारणा घडवून आणणे या कामांत स्वतः रुग्णाला व त्याच्या आप्तांना असलेले स्थान म्हणजे रुग्णसहभाग होय. आजारी माणसाची शुश्रूषा घरच्यांनी करावी, ही रीत भारतात फार जुनी आहे. सार्वजनिक रुग्णालयांतही औषधे आणणे, जेवण पुरविणे, रात्री उशाशी बसणे हा भार बहुधा आप्तांवरच पडतो. हा भार वाहणे वेगळे आणि उपचारव्यवस्थेच्या निर्णयांत वाटा असणे वेगळे. पहिली गोष्ट सर्वांनी गृहीत धरली. दुसरीसाठी झगडावे लागले. पुणे शहरात या झगड्याचा माग सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मागे नेता येतो.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. परंतु ज्याला घर आहे त्याने घरीच उपचार घ्यावेत, वैद्याने वा डॉक्टरने रुग्णाच्या घरी यावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांसमक्ष नाडी पाहून पथ्य सांगावे, हीच शहरातील सर्वसाधारण रीत होती. रुग्णालय ही निराधारांची जागा, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. १८९७ मध्ये जे घडले त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवाचून लागत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि त्या वर्षअखेरीपर्यंत रोग पुण्यात पोहोचला [→ प्लेग]. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. रुग्णाला वा त्याच्या कुटुंबाला कोणताही हक्क दिला नाही. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली पुण्यात प्लेग समिती नेमण्यात आली. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत लष्करी शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. रुग्ण आढळल्यास त्याला प्लेग रुग्णालयात नेत, घरातील इतरांची रवानगी विलगीकरण छावणीत करीत आणि घर निर्जंतुक करताना त्यातील चीजवस्तू अनेकदा जाळून टाकीत. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, असा लोकांचा अनुभव होता. त्या काळी प्लेगवर गुणकारी औषध नसल्याने तो बराचसा खराही होता. परिणामी लोक रुग्ण दडवून ठेवू लागले. समितीच्या कारभाराने जी माहिती मिळवावयाची होती ती त्या कारभाराच्या धाकानेच लपविली गेली. या पहिल्या साथीत प्लेगने मेलेल्यांची संख्या २,०९१ असल्याचा सरकारी अंदाज होता.

झडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगनेच मृत्यू झाला. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला होता. तेथे त्या स्वतः रुग्ण आणवीत व त्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय स्थापन केले, तेथे ते नित्य जात आणि विलगीकरण छावणीतील लोकांच्या भोजनाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. रोग्याला वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला टिळकांचा सरसकट विरोध नव्हता. ज्या रीतीने ते केले जात होते त्या रीतीवर केसरीचा रोख होता. आपल्या लोकांनी चालविलेल्या, आपले अन्न व आपली भाषा असलेल्या रुग्णालयात माणूस स्वखुशीने जाईल, हा हिंदू रुग्णालयामागील विचार व्यवहारी होता. तथापि एका जमातीच्या पुढाऱ्यांनी चालविलेले रुग्णालय म्हणजे सर्व रुग्णांचा सहभाग नव्हे. जातीच्या उतरंडीत तळाशी असलेल्या रुग्णाला अशा रुग्णालयाचा भरवसा कितपत वाटला असेल, हा प्रश्न त्या काळच्या वृत्तपत्री वादांत क्वचितच आला. सावित्रीबाईंच्या दवाखान्याचे महत्त्व या संदर्भात लक्षात घ्यावयास हवे.

रुग्णालयातील सेवेच्या दर्जाविषयीची त्या काळातील सर्वांत धीट तक्रार पंडिता रमाबाईंची होती. त्यांच्या शारदा सदनातील एका मुलीला प्लेग रुग्णालयात नेण्यात आले होते. तेथील स्त्रियांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते, असे त्यांनी मे १८९७ मध्ये बाँबे गार्डियन या पत्रातून जाहीरपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ही तक्रार सर्वस्वी निराधार ठरविली. रमाबाईंचा येथील अधिकार डॉक्टरचा नव्हता, तसा सरकारी अधिकाऱ्याचाही नव्हता. रुग्णाची पालक म्हणून त्या बोलत होत्या आणि पालकाला अशा बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हाच खरा वादविषय होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये शिपायांच्या अत्याचारांविषयी केलेली विधाने त्यांना पुराव्याअभावी मागे घेऊन माफी मागावी लागली. ज्यांच्यावर अन्याय झाला ते कुटुंबाच्या अब्रूखातर पुढे येत नाहीत, ही अडचण त्यामुळे ठळक झाली. रुग्णालयांविषयीच्या तक्रारींत ती पुढेही वारंवार आढळते.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चापेकर बंधूंचे हे कृत्य व त्यानंतरचे खटले राजकीय इतिहासात सुपरिचित आहेत. आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने त्यापुढील धोरणबदल अधिक महत्त्वाचा होय. मार्च १८९८ मधील मुंबईचा दंगा आणि १९०० मधील कानपूरचा दंगा यांनंतर सक्तीच्या झडत्या व सक्तीचे विलगीकरण यांवरचा भर सरकारने कमी केला. स्थानिक पुढाऱ्यांची मदत घेणे, लोकांनी आपण होऊन मोकळ्या माळावर झोपड्यांत राहावयास जाणे आणि हाफकिन यांची लस ऐच्छिक ठेवणे या उपायांकडे कल वळला. विज्ञानाचा निर्णयही जुन्या पद्धतीच्या विरुद्धच गेला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले व १९०५ नंतरच्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे गाठींच्या प्लेगात आईला मुलापासून दूर केल्याने साध्य होण्यासारखे थोडेच होते. फुप्फुसांच्या प्लेगाची गोष्ट निराळी. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे, हा सामान्य लोकांचा आडाखा मात्र बरोबर ठरला. समितीने तो विचारला असता तर तिला तो फुकट मिळाला असता.

प्लेगनंतरच्या अर्धशतकात या विषयाला फारशी गती आली नाही. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने मध्यमवर्गीय स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. त्यामुळे रुग्णालयात घरच्यांची भाषा बोलणारी माणसे आली आणि रुग्णालयाविषयीची भीती ओसरण्यास मदत झाली.

रुग्णाच्या कुटुंबाने डॉक्टरला जाब विचारावा, ही गोष्ट कायद्याच्या पातळीवर पुण्यातीलच एका प्रकरणाने प्रस्थापित केली. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात आणण्यात आले. तेथे भूल न देता, केवळ मॉर्फिनच्या आधारे हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि काही तासांतच तो मरण पावला. त्याच्या वडिलांनी दावा लावला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ मे १९६८ रोजी वडिलांच्या बाजूने निकाल लागला. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरवर सावधगिरीचे कर्तव्य असते, हे या निकालातील तत्त्व आजही उद्धृत केले जाते. नुकसानभरपाई तीन हजार रुपये होती आणि ती मिळावयास पंधरा वर्षे लागली. विशेष म्हणजे दावा लावणारे वडील स्वतः वैद्यकीय व्यवसायी होते. उपचारात काय चुकले हे त्यांना कळत होते. ज्याला ते कळत नाही अशा बापाने काय करावयाचे, याचे उत्तर त्या निकालात नव्हते. १९८६ चा ग्राहक संरक्षण अधिनियम वैद्यकीय सेवेलाही लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला आणि वाट काहीशी सुकर झाली. मोफत सेवा देणारी सरकारी रुग्णालये, म्हणजेच गरीब रुग्ण, मात्र त्या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिले.

न्यायालयाकडे माणूस जातो तो नुकसान झाल्यावर. त्याआधीच रुग्णाला व्यवस्थेत स्थान द्यावे, हा विचार १९७० च्या दशकात पुढे आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्यप्रकल्प उभारला आणि गावातील साध्या स्त्रीपुरुषांना आरोग्यकार्याचे शिक्षण दिले. आरोग्यसेवेचे नियोजन व अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य आहे, असे १९७८ च्या आल्मा-आता येथील जागतिक परिषदेने घोषित केले. वढूचा प्रयोग त्याच काळातला होय. कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कुटुंबाला उपचाराचा अंगभूत भाग मानण्याची पद्धत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अधिक रुजली, आणि ते स्वाभाविकही आहे. येथे आजार वर्षानुवर्षे चालतो व घरच्यांवाचून भागत नाही. डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्यास सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला गेला. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था १९९७ मध्ये कॅनडास्थित प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने पुण्यात निघाली. वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता; शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी वाहणारा आप्त, या शब्दाला या चळवळीत प्रतिष्ठा मिळाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा वाटा होता. या कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा व उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळांवर मानसिक आजार असलेल्या वा त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्ती नेमण्याची तरतूदही त्यात आहे.

शारीरिक आजारांच्या सरकारी सेवेत असा प्रयत्न राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये झाला. लोकाधारित देखरेख या नावाने तो देशातील नऊ राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात अमरावती, उस्मानाबाद (आता धाराशिव), ठाणे, नंदुरबार व पुणे हे पहिले पाच जिल्हे निवडले गेले आणि राज्यपातळीवरील समन्वयाचे काम पुण्यातील ‘साथी’ या संस्थेकडे आले. गावातील समिती आरोग्यसेवेची पाहणी करी आणि प्रत्येक सेवेला चांगली, मध्यम वा वाईट यांनुसार हिरवा, पिवळा वा लाल रंग देऊन प्रगतिपुस्तक भरी. अक्षरओळख नसलेल्यालाही ते वाचता येई. नंतर जनसुनवाईत रुग्ण व आप्त आपला अनुभव सांगत आणि अधिकाऱ्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे. मोफत सेवेसाठी पैसे मागणे, औषधे बाहेरून आणावयास लावणे, कर्मचारी जागेवर नसणे अशा तक्रारी तेथे मांडल्या गेल्या. योजना ग्रामीण अभियानाची असल्याने ज्या शहरातून तिचे सूत्रसंचालन होई ते पुणे शहर, त्यातील असंख्य खाजगी रुग्णालयांसह, तिच्या बाहेर राहिले.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोविड-१९ चे राज्यातील पहिले रुग्ण आढळले आणि १३ मार्चपासून, म्हणजे पहिल्या घरझडतीच्या तारखेलाच, १८९७ चाच साथरोग अधिनियम महाराष्ट्रात लागू करण्यात आला. कोविड हा माणसाकडून माणसाला होणारा रोग असल्याने विलगीकरणाला या वेळी शास्त्रीय आधार होता. तरीही आत नेलेल्या माणसाची खबर बाहेर उभ्या असलेल्या आप्तांना कोणी व कशी द्यावी, याची व्यवस्था पुरेशी नव्हती. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये उभारलेल्या जंबो रुग्णालयाविषयी सुरुवातीच्या दिवसांत हीच ओरड झाली. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती झाली ती आरोग्यकर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. तिची गरज निर्विवाद होती. रुग्णाच्या व आप्तांच्या हक्कांविषयी मात्र दुरुस्तीत काही नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची रुग्णहक्क सनद सिद्ध केली होती. माहिती मिळणे, उपचाराची कागदपत्रे मिळणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येणे, देयकासाठी रुग्णाला वा मृतदेहाला अडवून न ठेवणे हे तिच्यातील काही हक्क होत. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आणि तक्रारनिवारणाची सोय करण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, पुण्यात महानगरपालिकेवर, टाकली.