खिशातला चाकू : पोलाद, पाणी आणि धार

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात चाकू कुठून आला? तलवार असती तर कुणी विचारलं नसतं! भवानी तलवार कुठे आहे यावर आपण पिढ्यान् पिढ्या वाद घालतोय. पण या मुलखात रोज उठून काम केलं ते चार बोटांच्या पात्याने. लाकूड तासायला, कोरायला खिशात ठेवायचा चाकू कसा निवडावा, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्याचं सरळ उत्तर मी शेवटी देणारच आहे. पण ते उत्तर दुकानात मिळत नाही, इतिहासातून मिळतं, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

चाकू हा शब्द तुर्की-फारसीतून आलेला. आपली जुनी ती सुरी. चाकूचा एक सख्खा भाऊ होता, त्याचं नाव कलमतराश. तराशणे म्हणजे तासणे. कलम तासायचा तो कलमतराश. इंग्रजीतला पेननाइफसुद्धा तसाच, हंसाच्या पिसाची लेखणी कापायचा चाकू. म्हणजे खिशातल्या चाकूचा जन्म दोन्हीकडे कारकुनाच्या कमरेला झालाय, शिपायाच्या नाही. हे जरा ध्यानात ठेवा.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं, आणि मोगलांचा दख्खनचा सगळा कारभार इथून चालायला लागला. मोगल दप्तराचे दख्खनमधले हजारो कागद आज हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यातली प्रत्येक ओळ बोरूने लिहिलेली आहे, आणि प्रत्येक बोरूचं टोक कुणीतरी चाकूने कापलेलं आहे. फारसी लिहिणारा मुनशी असो की मोडी लिहिणारा कुलकर्णी, बोरू झिजला की पुन्हा कापायचा. आधी बाहेरून उतरती कापणी, मग आतला मऊ गाभा खरवडायचा, मग मधोमध बारीक चीर, आणि शेवटी टोकावर एकच तिरका घाव. हा शेवटचा घाव हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या पट्टीवर द्यायचा, त्या पट्टीला मक्ता म्हणत. घाव एका दाबात तुटला पाहिजे. पातं बोथट असेल तर बोरूचे तंतू फाटतात, शाई पसरते, अक्षर जाड होतं. त्या माणसाला चाकूची पारख करायला कुणी शिकवावं लागत नव्हतं, त्याचं अक्षरच सांगायचं.

आता पोलादाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, चालवून घ्या.

निजामाच्या राज्यात, आजच्या तेलंगणात, निजामाबादकडे कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. मराठवाडा आणि ते गाव १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. तिथे मुशीत पोलाद तयार व्हायचं. लोखंड मातीच्या मुशीत बंद करायचं, भट्टीत ठेवायचं, भाता अखंड चालू ठेवायचा, आणि मूस हळूहळू थंड होऊ द्यायची. आत जी वडी मिळे, तीच वूट्झ म्हणून जगाला माहीत झाली. हेन्री व्हॉयसे नावाचा इंग्रज वैद्य-भूगर्भतज्ज्ञ १८२० च्या आसपास तिथे गेला, तेव्हा त्याला इस्फहानचा एक व्यापारी भेटला. पोलाद घ्यायला इराणहून माणूस आलेला! आणि तो नुसता विकत घेत नव्हता, काम होताना स्वतः हजर राहून माल पारखून घेत होता. चाकू निवडताना काय करायचं, याचा पहिला धडा मी त्या व्यापाऱ्याकडून घेतो.

त्याच्या आधीची गोष्ट तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातली आहे. १७९४ मध्ये मुंबईहून हेलेनस स्कॉट या डॉक्टरने वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे, जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअरसनने त्यावर १७९५ मध्ये निबंध वाचला. पण रसायनशास्त्र्यांच्या आधी ते पोलाद एका कारागिराच्या हातात गेलं, लंडनचा चाकू-वस्तरे बनवणारा जेम्स स्टोडार्ट. आणि त्याने त्याचं काय केलं असेल? तलवार नाही, कट्यार नाही. पेननाइफ. लेखणी कापायचा छोटा चाकू! अंधाऱ्या खोलीत जेमतेम लाल दिसेल एवढ्याच तापावर त्याने तो घडवला, कारण हे पोलाद जास्त तापलं की हातोड्याखाली चुरा होतं. निष्कर्ष असा निघाला, की उत्तमातल्या उत्तम पोलादी चाकूइतकीच धार त्याला आली. पुढे हाच स्टोडार्ट आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रात छापायला लागला, की आपण युरोपच्या पोलादापेक्षा हिंदुस्थानचं पोलाद पसंत करतो. मायकेल फॅरडेने त्याच्याबरोबर पोलादावर प्रयोग केले तेही याच ओढीने.

आणि मग काय झालं? तेच शतक संपायच्या आत आपल्या भट्ट्या थंड पडल्या आणि शेफिल्डचे चाकू मुंबईच्या दुकानात आले. रॉजर्सचा, तारा आणि क्रॉसची खूण असलेला चाकू म्हणजे प्रतिष्ठा. त्या खुणेच्या नकलाही भरपूर निघाल्या. भट्ट्यांना लागणारा कोळसा महागला, जंगलावर सरकारची बंधनं आली, स्वस्त आयात पोलाद आलं, अशी कारणं सांगतात आणि ती खरी आहेत. मला मात्र खटकतं ते वेगळंच. पारख करणारा माणूस गेला आणि खूण वाचणारा माणूस आला. आजही लोक मला विचारतात, ‘सर, कुठला ब्रँड घेऊ?’

ब्रँड वाईट असतात असं मी म्हणत नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये आपल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, त्याचा लाल चाकू आज सगळ्यांना माहीत आहे. फ्रान्समधल्या जोसेफ ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासूनचा, शेतकऱ्याच्या खिशासाठी बनवलेला. मला व्यक्तिशः दुसरा आवडतो, कारण त्याची मूठ हाताला लाकडासारखी लागते. पहिला मात्र पाऊस-घामाला न जुमानणारा. न गंजणारं पोलाद शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढलं, आणि तेव्हापासून चाकू घेणाऱ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला, गंज चालेल की धार लावायचा त्रास चालेल? साधं कार्बन पोलाद गंजतं, पण दगडावर चार हात मारले की वस्तऱ्यासारखं होतं. स्वस्तातलं स्टेनलेस चकचकीत राहतं आणि कापत नाही.

आपल्याकडे चाकूने लाकूड तासायची शाळा म्हणजे विटीदांडू. बाभळीची नाहीतर बोरीची फांदी घ्यायची आणि दोन्ही टोकं निमुळती करायची. सारखी उतरली नाहीत तर विटी उडतच नाही. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची, कारण पांगारा हलका, मऊ, चाकूला वश होणारा. तुम्हाला कोरकाम शिकायचं असेल तर पांगारा किंवा शेवगा-कडुनिंबाची ओली फांदी घ्या. वाळलेल्या बाभळीवर पहिल्या दिवशी हात मारलात तर चाकूला शिव्या द्याल, आणि चूक चाकूची नसेल.

आता आपल्या चिकलठाण्याकडे येतो. सुखना नदीच्या काठचं हे गाव, औद्योगिक वसाहत आली तसं बदललं. पण चाकूच्या दृष्टीने हे गाव श्रीमंत आहे हो! घिसाडी अजून पाल टाकतात. बाप सांडशीत लोखंड धरतो, बाई घण मारते, ट्रकच्या कमानपाट्याचं विळा-कोयतं होतं. पाट्यात साधारण अर्धा टक्का कार्बन असतो, म्हणजे पाणी घेणारं लोखंड. ‘पाणी देणं’ हा शब्द बघा किती नेमका आहे. लाल झालेलं पातं पाण्यात किंवा तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक होतं, मग पुन्हा हलकं तापवून थोडं सैल करायचं. घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग आला की थांबायचं, निळा आला म्हणजे धार मऊ झाली. घिसाडी हे रंगावरून ओळखतो. रस्त्यापलीकडच्या टूलरूममध्ये तेच काम तापमापक लावून होतं, आणि तिथे मिळणाऱ्या बेअरिंगच्या पोलादात कार्बन एक टक्का असतो. घिसाड्याला लोक वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करतात आणि परदेशी चाकूला दोन हजार निमूट मोजतात, हे मला नीट वाटत नाही.

तर निवड. पातं बोटभर, म्हणजे ६ ते ७ सेंटिमीटरचं. लांब पातं कोरकामाला कुचकामी, टोकावरचा ताबा जातो. धार सरळ, करवती दाते अजिबात नकोत. पातं पातळ, कण्यापासून धारेपर्यंत सपाट उतरतं. मूठ तळहात भरणारी, कंगोरे नसलेली, कारण अर्ध्या तासाने फोड पाताच्या धारेने येत नाही, मुठीच्या कंगोऱ्याने येतो. घडीचा चाकू असेल तर उघडल्यावर पातं डावं-उजवं हलतंय का ते पाहा. हललं तर ठेवून द्या. टोकाने काम करताना पातं बोटांवर मिटू नये म्हणून खटका असलेला बरा, मुलांसाठी तर हवाच. आणि दुकानात कानस मिळाली तर धारेच्या टाचेशी हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी नीट दिलंय, चावली तर ते लोखंड तुमच्याबरोबर रोज दगडावर बसणार.

कायद्याचं विचारणारे असतात. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती, शेती आणि उद्योगाची हत्यारं त्यातून वगळलेली. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. तरी गर्दीत, मिरवणुकीत तो खिशात मिरवू नका. सिनेमातल्या रामपुरीने चाकूचं नाव असं खराब केलंय, की पोलिसाला विटी आणि कलमतराश समजावत बसावं लागेल. आणि इथून विमानाने जाणार असाल तर चाकू मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत ठेवलात तर तो चिकलठाण्यालाच राहील.

प्रश्न असतील तर विचारा. दोन-तीन चाकू आणि एक कुरुंदाचा दगड मी टेबलावर ठेवलाय, ज्यांना हात लावून बघायचा आहे त्यांनी पुढे या, लहान मुलांना मोठ्यांनी धरून आणा.