रिकाम्या खांचांचें महत्त्व

यंत्र विकणारा तें पूर्ण करून विकतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरगुती संगणकाचा इतिहास मात्र याच्या उलट आहे. त्याचा उत्कर्ष त्यांत मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागेमुळें झाला.

१९७५ च्या जानेवारींत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकानें आल्टेअर ८८०० हा संगणक लोकांपुढें आणला. त्याची मूळ स्मृति अवघी २५६ बाइटांची! अधिक सामर्थ्य हवें असल्यास आंतील खांचांत निराळीं कार्डें बसवावयाचीं. लवकरच इतर लोक अशीं कार्डें करून विकूं लागले आणि मूळ कारखानदारास घरांतच प्रतिस्पर्धी निर्माण झाले.

१९७७ सालच्या ॲपल-२ च्या वेळीं हाच वाद उपस्थित झाला. छपाईयंत्र व मोडेम यांपुरत्या दोन खांचा पुरेत, असें स्टीव्ह जॉब्ज यांचें मत होतें. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं आठांचा आग्रह धरला व तडीस नेला. १९८० सालीं मायक्रोसॉफ्टनें तर त्या खांचेंत बसणारा दुसरा प्रोसेसरच विकावयास काढला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएमनें पांच खांचांचा संगणक प्रसिद्ध केला व त्याच्या विद्युन्मंडलांचे आराखडेही छापून दिले. त्याच्या एका कार्डावर ठराविक अक्षरेंच उमटत. दुसऱ्यावरील चित्र भरड होतें. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपींत लिहावयाचा होता. या गरजेंतून १९८२ सालीं हर्क्युलिस कार्ड जन्मास आलें.

परंतु मोकळ्या दारानें स्पर्धकही आंत येतात. १९८७ सालीं आयबीएमनें जुनीं कार्डें न बसणारी, परवान्याखेरीज इतरांस न वापरतां येणारी ‘मायक्रो चॅनेल’ योजना आणली. दुसऱ्याच वर्षीं नऊ कंपन्यांनीं एकत्र येऊन जुन्या कार्डांनाही थारा देणारी निराळी योजना जाहीर केली. दार पुन्हां लावून घेणें मूळ धन्यासही साधलें नाहीं.

या मोकळीकीचा लाभ महाराष्ट्रासही झाला. कानपूरच्या आयआयटींत सुरू झालेलें भारतीय लिप्यांचें काम १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत पुढें गेलें. तिचें ‘जिस्ट’ कार्ड खांचेंत बसवितांच इंग्रजीसाठीं लिहिलेल्या प्रोग्रामांतही देवनागरी अक्षरें उमटूं लागलीं. पुढें हें कार्य सॉफ्टवेअरनें उचललें व कार्डाची गरज संपली. तथापि आयबीएमच्या रचनाकारांनीं खांचा ठेवल्या, तेव्हां त्यांच्यापुढें मराठी लिहिणारा मनुष्य नव्हता. तो नसतांनाही त्याच्यासाठीं जागा राहिली, हेंच त्या रचनेचें खरें औदार्य होय.