धुळे १९६२, जळगाव १९६६, चाळीसगाव १९७७

धुळ्यात उतरा, पण साल १९६२ धरा. महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन वर्षांचं आहे, आणि शेजारी चालणारे आजोबा अजून जिल्ह्याला पश्चिम खानदेशच म्हणतात. ब्रिटिश अधिकारी ब्रिग्जसाहेबाने आखलेल्या सरळ गल्ल्यांतून माणसं एकाच दिशेला निघाली आहेत. त्यांच्या मागे चला. आधी हलगी ऐकू येईल, मग हौद दिसेल: चाळलेली तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं. वास नाकात भरून घेत तुम्ही उभे राहता, तोच पाठीमागून दटावणी येते, "खाले बठ रे भो!" बसा.

महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचं हे दुसरंच वर्ष. मामासाहेब मोहोळांनी उभ्या केलेल्या कुस्तीगीर परिषदेने गेल्या वर्षी औरंगाबादला ती सुरू केली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. चांदीची गदा मात्र इथे शोधू नका. मामासाहेबांच्या स्मरणार्थ ती द्यायला १९८२ उजाडायचं आहे.

शड्डू घुमतात, सलामी होते आणि खडाखडी सुरू. मानेवर मान, मनगटात मनगट, कुणी तसूभर हलत नाही. नवख्याला इथे जांभई येते. मला विचाराल तर कुस्तीचा खरा रस इथेच आहे. समोरच्याचा पाय कधी हलका होतो याचा माग दोघंही घेत असतात. पट काढणं वा ढाक लावणं ही नंतरची, डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकणारी गोष्ट. त्या वर्षीचा मान भगवान मोरे यांना मिळतो. डाव नेमका कुठे बसला यावर तुमच्या मागचे दोघे गावी पोचेपर्यंत भांडणार.

आता चार वर्षं पुढे, जळगाव. या खेपेचा विजेता आहे दीनानाथसिंह. नाव ऐकून भुवया उंचावू नका. उत्तर प्रदेशातून आलेला हा पैलवान घडला कोल्हापूरच्या तालमीत. मातीने त्याला आपलं म्हटलं, मग किताबाने का म्हणू नये? १९७१ मध्ये तो हिंदकेसरी होणार आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण शेजाऱ्याला सांगू नका. पैजा लावणाऱ्यांचे कान तिखट असतात.

जळगावहून पॅसेंजर धरा आणि १९७७ च्या चाळीसगावला उतरा. इथे तुम्ही ताटकळणार. विजेत्यांच्या यादीत या सालापुढे कुणाचंच नाव नाही, नुसतं 'अनिर्णित'. १९६३ मध्ये साताऱ्यालाही असंच झालं होतं. घरून भाकरी बांधून आलेल्या माणसाला चितपट बघायची असते. जिंकणारा कुणीही असो, कुणाची तरी पाठ मातीला लागलेली त्याला हवी असते. निकालाविना परतणं त्याला हरण्याहून जिव्हारी लागतं.

याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४ मध्ये अहमदनगरला आणि २०१५ मध्ये नागपूरला महाराष्ट्र केसरी होतो. हौद आपला आणि मान पाहुण्याचा, असं वर्षानुवर्षं बघितलेल्या खानदेशाला हे नवं आहे. म्हणून २०१६ ला पुण्यातल्या वारजेत या. समोर अभिजित कटके, म्हणजे पुण्याचाच मल्ल. घरचं मैदान, घरची आरोळी. तुमचा खानदेशी आवाज त्यात बुडतो, तरी ओरडा. विजय जिंकतो. सलग तीन वर्षांचा हा पराक्रम याआधी २०११ ते २०१३ मध्ये नरसिंग यादवने केला होता. विजयला पुढे पोलीस उपअधीक्षकाची वर्दी मिळेल. आणि मान खाली घालून चाललेला कटके पुढच्याच वर्षी भूगावला किरण भगतला हरवून गदा खांद्यावर घेईल.