अवयवावरून नव्हे, तुटलेल्या गुणसूत्रावरून ओळखला गेलेला कर्करोग

१/ कर्करोगाला नाव कशावरून द्यावे? दीर्घकाळ उत्तर एकच होते: तो ज्या अवयवात दिसतो त्यावरून. छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीतील एका दुर्मीळ अर्बुदाने हे उत्तर अपुरे ठरवले. त्याचा हा इतिहास.

२/ १९६० साली फिलाडेल्फियातील पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्तकर्करोगात आखूड झालेले गुणसूत्र आढळले. उरलेला तुकडा गेला कुठे, हे कोडे १३ वर्षे सुटले नाही.

३/ ते सोडवले शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. गुणसूत्रांची छायाचित्रे कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जोड्या लावीत. ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. अशा अदलाबदलीत दोन वेगळी जनुके जोडली जाऊन एक घातक जनुक तयार होऊ शकते. हाच जनुक-संयोग.

४/ १९९१ साली जपान व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी थायमसच्या अतिआक्रमक अर्बुदांत १५ व १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अशीच अदलाबदल नोंदवली. रुग्ण तरुण होते.

५/ २००३ साली बॉस्टनचे ख्रिस्तोफर फ्रेंच व सहकाऱ्यांनी त्यामागची जनुके ओळखली: बीआरडी४ आणि नट. नट एरवी मुख्यतः वृषणातच कार्यरत असते. बीआरडी४शी जोडले गेले की ते पेशींना परिपक्व होऊ देत नाही. त्या केवळ वाढत राहतात.

६/ पुढे हाच संयोग नाक, घसा व फुफ्फुसांतील अर्बुदांतही सापडला. अवयव वेगळे, आजार एकच. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने त्याला जनुकाचेच नाव दिले: नट कार्सिनोमा.

७/ २०१० साली जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने जेक्यू१ हा रेणू प्रसिद्ध केला. तो संयुक्त प्रथिनाची पकड सोडवतो आणि प्रयोगशाळेत या पेशी परिपक्व होऊ लागतात. ब्रॅडनर यांनी तो जगभरच्या प्रयोगशाळांना मुक्तपणे वाटला. त्या कुळातील औषधांनी काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, पण तो परिणाम फार काळ टिकला नाही.

८/ आजही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाच्या आत दगावतात. गाठीच्या तुकड्यावर नट प्रथिन दाखवणारी चाचणी २००९ पासून उपलब्ध आहे. मात्र वैद्याच्या मनात शंका आली, तरच ती केली जाते. म्हणूनच या आजाराचे नाव माहीत असणे महत्त्वाचे ठरते.