मूळ सर्पगंधेचं

ओळखीच्या एका वैद्यांनी बरणीतून एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढा, वेडावाकडा, बाहेरून मातकट पिवळा, उभ्या सुरकुत्या पडलेला. मोडला तर आत फिक्कट पांढरा. वास म्हणावा असा नाही. सालीचा कण जिभेवर ठेवला आणि त्या कडूपणाने दोनदा चूळ भरली तरी पिच्छा सोडला नाही. ही सर्पगंधा. मराठीत तिला अडकईही म्हणतात. बिहारमध्ये याच मुळाला सरळ ‘पागल की दवा’ असं नाव होतं.

व्यसनी माणसाच्या मेंदूत काय बिघडतं याविषयी आज जे काही ठामपणे सांगता येतं, त्याच्या वंशावळीत हे मूळ बसलेलं आहे. ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा मागोवा.

शास्त्रीय नावापासूनच सुरुवात करू. राउवोल्फिया सर्पेंटिना. यातला राउवोल्फ म्हणजे सोळाव्या शतकातला ऑग्सबुर्गचा जर्मन वैद्य. तो सीरिया-इराकपर्यंत फिरला, पण भारतात त्याने पाऊल टाकलं नाही आणि हे झुडूप त्याने कधी पाहिलं नाही. नाव नंतर प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या सन्मानार्थ दिलं. राउवोल्फची खरी कामगिरी वेगळीच: अलेप्पोतले लोक सकाळी एक काळं, कढत पेय घोटघोट पितात, हे त्याने १५८२च्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. कॉफीची नोंद करणाऱ्या पहिल्या युरोपियनांत तो येतो. मेंदूला तरतरी आणणाऱ्या पेयाची ओळख करून देणाऱ्याचं नाव मेंदू शांत करणाऱ्या मुळाला मिळालं.

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळावर लेख लिहिला. वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर ते चालतं असं त्यात मांडलं. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमाँ सिद्दीकींनी मुळातून अल्कलॉइड वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलिन’ म्हटलं. पण हे लेख इथल्या नियतकालिकांत राहिले. बाहेरच्या जगाने दखल घेतली ती मुंबईमुळे. डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना हे औषध देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. वैद्यांकडे हे मूळ पूर्वापार होतंच. वकिलांनी केलं ते इतकंच, की कुणाला दिलं, दाब किती होता, किती उतरला, त्रास काय झाला, हे परक्या डॉक्टरलाही पडताळून पाहता येईल असं लिहिलं. या ‘इतकंच’चं मोल मला फार मोठं वाटतं.

पुढे गाडी वेगाने धावली. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड राज्य मनोरुग्णालयात नेथन क्लाईन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. वर्षानुवर्षं आरडाओरडा करणारे काही रुग्ण निवले, बोलू लागले. १९५७च्या लास्कर पुरस्कारांच्या यादीत क्लाईन आहेत आणि आपले वकीलही आहेत.

औषध चालतं हे कळलं, पण ते करतं काय? अमेरिकेत बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवलं, की रेसर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. आर्विड कार्लसन हा तरुण स्वीडिश संशोधक काही महिने तिथे शिकायला गेला होता. परत लुंडला आल्यावर त्याने विचार केला, की रिकामं सेरोटोनिनच होत असेल कशावरून? आणखी काही निघून जात असेल तर?

त्याचा प्रयोग सशांवर झाला. रेसर्पिन टोचल्यावर ससे पोत्यासारखे बसले. कान लोळलेले, डोळे अर्धे मिटलेले, हात लावला तरी हालचाल नाही. मग त्यांना डोपा टोचला. शरीरात डोपापासून डोपामिन बनतं. १५ मिनिटांत त्याच सशांचे कान ताठ झाले, डोळे उघडले, पाय चालू लागले. या आधीच्या आणि नंतरच्या अवस्थांची छायाचित्रं आजही पाहता येतात, आणि ती पाहताना अंगावर काटा येतो. सेरोटोनिन अजून परतलेलंच नव्हतं, तरी ससे उठले. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हतं. दुसरं काही बनवताना वाटेत तयार होणारा कच्चा माल, एवढीच त्याची किंमत. १९५७ साली या सशांनी त्याला मेंदूतलं स्वतंत्र स्थान मिळवून दिलं.

१९६० मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत सर हेन्री डेल यांच्यासारख्या बुजुर्गांना हे पटलं नाही. पण त्याच वर्षी व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी कंपवाताने वारलेल्यांचे मेंदू तपासले, तर हालचालींशी संबंधित भागात डोपामिन अगदी तळाला गेलेलं. कंपवातावर आजही दिला जाणारा एल-डोपा हे त्या सशांचंच देणं. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० साली.

या वंशावळीत एक कच्चा दुवाही आहे. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खचून जात, उदास होत, असं डॉक्टर लिहीत होते. त्यावरून तर्क निघाला की मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं कमी झाली म्हणजे नैराश्य येतं, आणि १९६५ नंतर तो पुस्तकांत पक्का बसला. पण १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंतेने, उदासीने ग्रासलेल्यांना रेसर्पिन देऊन नीट तुलना केली होती, आणि रुग्णांना उलट बरं वाटलं होतं. गैरसोयीचा म्हणून तो निबंध बाजूला पडला. त्या कच्च्या तर्कावर उभी राहिलेली सोपी गोष्ट कोट्यवधी लोकांना सांगितली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नशेकडे. १९५४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर यांना आढळलं, की मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा सूक्ष्म धक्का मिळावा म्हणून उंदीर कळ पुन्हा पुन्हा दाबत राहतो. त्या जागांचा डोपामिनशी संबंध पुढे हळूहळू उलगडला. १९८८ मध्ये इटलीतल्या काल्यारीच्या दी किआरा आणि इंपेराटो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत मोजमाप केलं: अफूची द्रव्यं, दारू, निकोटिन, कोकेन, अँफेटामिन, सगळ्यांनी एकाच ठिकाणी डोपामिन वाढवलं. रेसर्पिन साठा रिकामा करतं, नशा तोच साठा उधळते.

आणि मग नोरा व्होल्कोव. जन्म मेक्सिको सिटीचा, ट्रॉट्स्कीची पणती. ज्या घरात ट्रॉट्स्कीचा खून झाला तिथेच ती वाढली. मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर तिने पेट स्कॅन हाती घेतला. किरणोत्सारी खूण लावलेलं औषध टोचायचं, ते डोपामिन जिथे जाऊन बसतं त्या रिसेप्टरना चिकटतं, आणि ते कुठे किती चिकटलं हे चित्रात दिसतं. १९९३च्या निबंधात तिच्या गटाने दाखवलं, की कोकेनच्या व्यसनींत ‘डी-२’ रिसेप्टर कमी सापडतात, कोकेन सोडून ३-४ महिने झाले तरी ते भरून येत नाहीत, आणि त्याबरोबर कपाळामागचा, सारासार ठरवणारा भागही मंदावलेला असतो. ‘मनात आणलं तर आज सोडेल’ असं घरचे म्हणतात, तेव्हा जो भाग मनात आणतो तोच थकलेला असतो. २००३ पासून दोन दशकं तिने अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचं नेतृत्व केलं आणि हेच परोपरीने सांगितलं.

पण रिसेप्टर नशेने कमी झाले, की मुळात कमी होते म्हणून नशा जडली? २००२च्या एका प्रयोगात आधी एकटी ठेवलेली माकडं कळपात सोडली. जी वरचढ झाली त्यांचे डी-२ वाढले आणि कोकेनची ओढही त्यांना लागेना. दबून राहिलेली मात्र कोकेन घेत राहिली. हे वाचताना मला पुण्याचं मुक्तांगण आठवलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये, गर्दने पोरं पोखरली जात असताना, येरवड्यात ते सुरू केलं. तिथे नशा सुटल्यावर माणसाला काम, सोबत आणि चारचौघांतली जागा परत द्यायची धडपड असते. ‘गर्दुल्ला’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या पोराच्या मेंदूत काय होत असेल, याचा अंदाज त्या दबलेल्या माकडांवरून करता येतो.

आणि मूळ? १९९२ मध्ये चेतापेशीतला तो पंप जनुकासह हाती लागला, ज्याला रेसर्पिन घट्ट धरून बसतं. डोपामिन बारीक पिशव्यांत भरणं हे त्याचं काम. रेसर्पिन तो बंद पाडतं, मेथँफेटामिन त्याचं काम उलटवून पिशव्यांतला साठा बाहेर काढतं. दरम्यान मनोविकारांवर नवी औषधं आली, रेसर्पिन मागे पडलं. त्या नव्या औषधांनी कित्येक रुग्णांना दुसरा त्रास दिला: तोंड वेडंवाकडं होणं, जीभ सारखी वळवळणं. २०१७ मध्ये अमेरिकेत त्यावर दोन गोळ्यांना मान्यता मिळाली, आणि त्या काम करतात ते याच पंपावर. फरक एवढाच, की रेसर्पिन एकदा चिकटलं की सुटत नाही, पेशीला नवा पंप घडवावा लागतो. या गोळ्या चिकटतात आणि काही वेळाने आपसूक सुटतात.