तारापूर अणुविद्युत केंद्र

तारापूर अणुविद्युत केंद्र : भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात) अरबी समुद्राच्या काठी, मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किमी. अंतरावर ते आहे. जवळचे रेल्वे स्थानक बोईसर. केंद्राचा कारभार न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही केंद्र सरकारची कंपनी पाहते. येथे चार अणुभट्ट्या असून त्यांची एकूण क्षमता १,४०० मेगावॉट आहे. कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाताना अणुऊर्जेचा उपयोग किती आणि तिची किंमत कोण मोजतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तारापूरच्या अर्धशतकाहून अधिक अनुभवात सापडतात.

उभारणी : कोळशाच्या खाणी पूर्व व मध्य भारतात आणि विजेची मोठी मागणी पश्चिम किनाऱ्यावर, ही अडचण अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी हेरली होती. खाणींपासून दूरच्या प्रदेशात अणुवीज परवडेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या प्रकारातील दोन अणुभट्ट्या उभारून दिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॉट होती. तांत्रिक अडचणींमुळे १९८० च्या दशकात ती १६० मेगावॉटवर आणण्यात आली.

इंधनाचा प्रश्न : या दोन भट्ट्यांना समृद्ध (युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले) युरेनियम लागते आणि ते अमेरिकेकडून यायचे होते. भारताने १९७४ मध्ये पोखरण येथे अणुचाचणी केली. त्यानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि हा पुरवठा थांबला. पुढे फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून वेळोवेळी इंधन मिळवावे लागले. वीज स्वच्छ असली तरी इंधनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल तर देशाचा हात दगडाखाली राहतो, हा तारापूरचा पहिला धडा होय.

स्वदेशी अणुभट्ट्या : तिसऱ्या व चौथ्या भट्टीत या धड्याचे उत्तर मिळाले. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या या जड पाण्याच्या भट्ट्यांचे आराखडे भारतीय अभियंत्यांनी केले. बांधकाम २००० मध्ये सुरू झाले. चौथी भट्टी सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरी ऑगस्ट २००६ मध्ये व्यापारी वीज देऊ लागली. जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, पण त्यांना फारसे शोषत नाही. त्यामुळे अवघे ०.७ टक्के युरेनियम-२३५ असलेले नैसर्गिक युरेनियमही येथे चालते. भट्टीत ३९२ आडव्या नलिका असतात. सुमारे अर्धा मीटर लांबीच्या इंधनाच्या मोळ्या त्यांत एकामागे एक बसवलेल्या असतात. भट्टी चालू असतानाच एक यंत्र नलिकेच्या एका टोकाने नवी मोळी आत सारते आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र जुनी काढून घेते. इंधन बदलण्यासाठी वीज थांबवावी लागत नाही.

कर्ब उत्सर्जन : अशी एक भट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला सुमारे १ कोटी ३० लाख युनिट वीज देते. त्यासाठी रोज साधारण २५० किलो युरेनियम पुरते. तेवढीच वीज कोळशापासून काढायची तर रोज दोन मालगाड्या भरून कोळसा लागेल. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, त्यामुळे ही तुलना या भागात डोळ्यांसमोर उभी राहते. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०१४ च्या अहवालात खाणीपासून मोडणीपर्यंतचा हिशेब मांडला. त्यानुसार एका युनिटमागे हरितगृह वायूंचे मध्यक उत्सर्जन कोळशाच्या विजेत ८२० ग्रॅम, तर अणुविजेत १२ ग्रॅम आहे. म्हणजे अशी एक भट्टी दिवसाला दहा हजार टनांहून अधिक उत्सर्जन वाचवू शकते.

स्थान व मर्यादा : सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि घराघरांतील मागणी मात्र नेमकी तेव्हाच वाढते. साठवणुकीची सोय स्वस्त व मुबलक होईपर्यंत रात्रंदिवस चालणाऱ्या स्रोताची गरज राहणार. सध्या तो भार मुख्यतः कोळसा वाहतो. अणुऊर्जेने त्याची जागा घ्यावी. सौर व पवन वीज स्वस्त आहे आणि लवकर उभी राहते, त्यामुळे अणुऊर्जा तिला पर्याय ठरत नाही, तिच्या पाठीशी उभी राहते. भारताच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा मात्र अजून सुमारे ३ टक्केच आहे. पहिल्या दोन भट्ट्या २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवाव्या लागल्या, म्हणजे अखंड विजेलाही वय असते.

सुरक्षा व किरणोत्सारी अवशेष : मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीनंतर अपघात झाला. तेथील भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच प्रकारातील होत्या, म्हणून तारापूरची सुरक्षाव्यवस्था पुन्हा तपासण्यात आली. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा प्रकल्प तारापूरलाच आहे. प्रक्रियेनंतर उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओततात. काच घट्ट झाल्यावर हे डबे भूमिगत कोठीत हवेने थंड राखून ठेवतात. आकारमानाने हा कचरा थोडा असला, तरी त्याची राखण पुढच्या अनेक पिढ्यांना करावी लागणार आहे.

विस्थापन : तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. पुनर्वसनाच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला घराच्या बदल्यात घर मिळाले म्हणजे भरपाई झाली असे होत नाही. होडी लावायचा किनारा आणि रोजची मासेमारी या गोष्टी त्या घराला जोडलेल्या असतात.

पुढील वाटचाल : देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे फ्रेंच तंत्रज्ञानाच्या सहा भट्ट्यांचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प योजलेला आहे. त्यासाठीचा आराखडा करार २०१० मध्ये झाला आणि त्याच सुमारास माडबन, साखरी नाटे परिसरात तीव्र विरोधही झाला. तारापूरची चौथी भट्टी बांधकाम सुरू झाल्यापासून सुमारे पाच वर्षांत उभी राहिली, म्हणजे तंत्रज्ञान आणि हात दोन्ही आपल्याकडे आहेत. कोकणातील मच्छीमार व बागायतदार मात्र नव्या प्रकल्पाकडे अक्करपट्टी-पोफरणच्या अनुभवातून पाहतात. तेथील जुनी देणी चुकती करणे, हे नव्या अणुभट्टीच्या तयारीचेच काम आहे.